मागांमधली गिटार

माझा मेव्हणा शरणबसव आमच्या कारखान्यात राहायला आला तेव्हा चैत्रातली दुपार होती आणि त्याच्या पायांत चपला नव्हत्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला डांबरी रस्ता त्या दिवसांत तव्यासारखा तापतो. मी ऑफिसच्या दारात उभा होतो. लांबून एक माणूस चालत येत होता आणि उन्हाच्या झळांमुळे पाण्याखालून चालल्यासारखा हलत होता. तो आपल्याकडेच येतोय हे मला बराच वेळ कळलं नाही. जवळ आल्यावर तो म्हणाला, "दाजी, थोडं आत बसू का?"

"घरी चल की. तुझी अक्का रडून रडून अर्धी झालीय."

"घरी नको. घरी लई शांत असतं," असं म्हणून तो सरळ टॉवेलचे यंत्रमाग चालू होते त्या शेडमध्ये शिरला.

तो कुठून आला, कसा आला, ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. पुण्याहून कांद्याच्या ट्रकमध्ये बसलो, मध्ये कुठेतरी उतरलो, मग चाललो, एवढंच. शेडमध्ये एका कोपऱ्यात तयार टॉवेलच्या थप्प्या रचलेल्या होत्या. त्यांच्यावर तो आडवा झाला आणि मागांच्या त्या खडखडाटात, जिथे दोन माणसांना एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं, तिथे लहान बाळासारखा झोपून गेला. आमचा जुना कामगार जोतिराम माझ्याकडे बघून हातानेच म्हणाला, काय हे?

शरणू हा माझ्या बायकोचा, श्रीदेवीचा, धाकटा भाऊ. दुधनीचे निंगप्पा अडत्ये माझे सासरे. तूर, ज्वारी, उडीद, त्यापलीकडे त्यांच्या घरात दुसरा विषय नसायचा. सासूबाई अक्कम्मा मात्र गायच्या. धान्य निवडता निवडता कन्नडमध्ये शिवभक्तीची वचनं म्हणायच्या आणि एकेक ओळ इतकी लांबवायच्या की ऐकणाऱ्यालाच दम लागावा. माझं लग्न झालं तेव्हा शरणू शाळेत जात होता. आईच्या पाठीला पाठ लावून तो बसायचा. तिचा आवाज पाठीतून चांगला ऐकू येतो, असं म्हणायचा. आम्ही हसायचो.

गिटार त्याने सोलापुरात आमच्याकडे शिकायला राहिला तेव्हा धरली. लग्नात वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रावाल्याची जुनी गिटार होती ती. शिकवणारं कुणी नव्हतं. आमच्या गच्चीवर बसून तो एकच सूर इतक्या वेळा वाजवायचा की शेजारचे पद्मशाली विणकर म्हातारबा तेलुगूत काहीतरी बोलून खिडकी लावून घ्यायचे. पण काही महिन्यांनी तेच म्हातारबा खिडकी उघडी ठेवून बसलेले मी पाहिले.

पुढे इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि तिथे त्याला महिपती भेटला. महिपती मोडनिंबचा, हायवेला त्यांचं टायरचं दुकान. तो ड्रम वाजवायचा. दोघांनी मिळून बँड काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'कोरडवाहू'. मराठीत गाणी, मधूनच कन्नड, आणि त्यात शरणूची इलेक्ट्रिक गिटार. डिग्री अर्धीच राहिली, आणि त्याच वर्षी सासूबाई गेल्या. शरणू मातीला आला, आणि तिसऱ्या दिवशी परत जाऊन कार्यक्रमाला उभा राहिला. निंगप्पांनी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं सोडलं.

बँडचं नाव मात्र झालं. बेंगळुरू, मुंबई, शिलाँगपर्यंत बोलावणी यायची. आमच्या कारखान्यात कामाला येणारी पोरं मोबाइलवर त्याची गाणी ऐकायची आणि मला विचारायची, "मालक, खरंच तुमचा मेव्हणा हाय व्हय?" मी एकदा श्रीदेवीला घेऊन पुण्याला कार्यक्रम बघायला गेलो. मला रॉकमधलं काही कळत नाही, मी टॉवेलचा माणूस. पण एका जागी सगळी वाद्यं थांबली आणि शरणूने एकच सूर धरून ठेवला. डोळे मिटलेले, मान थोडी कलती. समोर एवढा जनसमुदाय होता, तो सगळा हळूहळू गप्प झाला. मला वाटलं, आपण सगळे एका मोठ्या विहिरीच्या तळाशी बसलोय आणि वर कुणीतरी दोर सोडतंय. श्रीदेवीने माझा हात घट्ट धरला होता.

त्याच सुमारास त्याच्या कानात शिट्टी वाजू लागली होती. इतकी वर्षं त्या प्रचंड स्पीकरांशेजारी उभं राहून कान गेले होते. आधी कार्यक्रमानंतर थोडा वेळ वाजायची, मग रात्रभर, मग ती थांबेचना. त्याने कुणाला सांगितलं नाही. झोप यावी म्हणून पिऊ लागला, मग उठता यावं म्हणून पिऊ लागला. बँडमध्ये भांडणं झाली. तालमींना येईना. आला तर मध्येच भिंतीला कान लावून बसायचा.

आणि त्या चैत्रात पुण्यातल्या एका मोठ्या कार्यक्रमात, गाणं ऐन रंगात असताना, त्याने गिटार खाली ठेवली, बूट काढले आणि स्टेजच्या मागच्या बाजूने चालत निघून गेला. त्यानंतर तो दिसला तो मला, आमच्या रस्त्यावर, उन्हात.

मागांच्या आवाजात ती शिट्टी ऐकू येत नव्हती. एवढं साधं कारण होतं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे बरं होणारं नाही, सवय करून घ्यावी लागेल, आणि आणखी मोठ्या आवाजात बसू नये. शरणू हसला. "डॉक्टर, मला जिथं शांत वाटतं तिथंच बसू नको म्हणताय की," तो म्हणाला. डॉक्टरांनी दिलेलं कापसासारखं काहीतरी तो कानात घालायचा आणि तरी शेडमध्येच यायचा.

त्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गिटार नव्हती. तो सुताच्या कांड्या भरायला मदत करायचा, कधी सुतं जोडायचा, पण बहुतेक वेळ नुसता बसून असायचा. दुपारी शेडच्या वरच्या काचांतून ऊन तिरकं आत येतं आणि त्यात कापसाची मऊ धूळ तरंगत असते. ती खालीही बसत नाही आणि वरही जात नाही. तो तिच्याकडे बघत राहायचा. त्याच्या केसांवर, पापण्यांवर पांढरं साचायचं. श्रीदेवी डबा घेऊन यायची, त्याचं तोंड पदराने पुसायची आणि कडक भाकरीचे तुकडे दह्यात कालवून समोर ठेवायची. तो खायचा. पीत नव्हता. आम्हाला वाटलं, सुटला.

पावसाळा संपता संपता महिपती आला. बुलेटवर, पाठीला काळ्या पिशवीत शरणूची गिटार बांधून. मला नमस्कार केला आणि तडक शेडमध्ये गेला. मी मागोमाग गेलो, कारण त्याचा चेहरा मला बरा दिसला नाही. त्याने शरणूला दंडाला धरून बाहेर अंगणात आणलं.

"एवढं पब्लिक समोर," महिपती म्हणाला, "आन् तू बूट काढून चाललास. मी एकटा बडवत बसलो. एकटा! मला वाटलं येशील, आत्ता येशील. लोक हसाया लागले तरी मी थांबलो न्हाय."

शरणू खाली बघत होता. "तू वाजवत होतास ते मला ऐकूच येत नव्हतं, महिपा. नुसती शिट्टी. तुझं तोंड हलत होतं, माशाचं हलतं तसं. मला वाटलं, मीच पाण्यात पडलोय. म्हणून बाहेर आलो."

"मग सांगायचं व्हतं की मला!"

"काय सांगू? गिटारवाल्याला गिटार ऐकू येत नाही म्हणून?"

महिपतीने पाठीवरची पिशवी सोडून शरणूच्या हातात दिली आणि नळावर जाऊन तोंड धुऊ लागला. बराच वेळ धूत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून शरणू शेडमध्ये गिटार वाजवू लागला. तारा नुसत्या बोटाने छेडायच्या, स्पीकर नाही, वीज नाही. इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज तो किती असणार! मागांच्या खडखडाटात त्याचा लवलेशही कुणाला कळत नव्हता. त्याची बोटं फिरताना दिसायची. जोतिराम म्हणाला, "मालक, ह्यो काय वाजवतोय कुणाला ठावं. पर बघाया बरं वाटतंय." श्रीदेवी एकदा त्याच्याशेजारी बसली आणि गिटारच्या लाकडावर तिने तळहात टेकवला. डोळे मिटून बसून राहिली. घरी आल्यावर मी विचारलं, काय होतं ते? ती म्हणाली, "हाताला कळतं, तोंडाने सांगता येत नाही."

महिपती जाणार जाणार म्हणत राहिला. तो मागांच्या रांगेतून कान देत फिरायचा, एखाद्या मागापाशी थांबून मांडीवर बोटं वाजवायचा. मला म्हणाला, "दाजी, हे सगळे एका तालात न्हाईत."

"माग हाय तो, तबला न्हाय."

"तसं न्हाय. बघा, हे दोन आत्ता बरोबर हाईत, मग थोडे लांब जात्यात, आन् फिरून एकत्र येत्यात. शरणू त्या येण्याची वाट बघतोय. त्याला ऐकू येतंय सगळं."

मी ऐकायचा प्रयत्न केला. इतकी वर्षं तो आवाज माझ्या कानांवर होता, पण मी तो कधी ऐकला नव्हता. ऐकता ऐकता मला गुंगी आल्यासारखी झाली. शेवटी हिशेबाला बसायचं म्हणून मी उठलो.

महिपतीने छोटे माइक आणले. एक गिटारच्या लाकडाला चिकटवला, बाकीचे मागांच्या मध्ये टांगले. दोघे रोज दुपारी वाजवून रेकॉर्ड करून ठेवू लागले. रेकॉर्ड केलेलं शरणू ऐकायचा नाही. "झालं ते झालं," म्हणायचा.

एकदा माझे सासरे दुधनीहून आले. मार्केट यार्डात काम होतं म्हणाले, पण यार्ड शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. माझ्या ऑफिसात खुर्चीवर बसले, चहा घेतला. शेडचं दार समोरच होतं. तिकडे बघितलं नाही. मला म्हणाले, "खातोय का नीट?"

"खातोय की."

"आणि ते दुसरं?"

"सोडलंय, मामा."

ते काही बोलणार तेवढ्यात लाईट गेली.

लाईट गेली की माग एकदम थांबत नाहीत. एकेक करत मंदावतात, शेवटचे धोटे जड होऊन इकडून तिकडे जातात, आणि मग असं निःशब्द होतं की कानांत कापूस भरल्यासारखं वाटतं. त्या शांततेत गिटार चालू राहिली होती. बारीक आवाज, एखाद्या डब्यातून आल्यासारखा, पण एकेक सूर स्पष्ट. एकच सूर तो लांबवत होता, अजून लांबवत होता, आता तुटणार असं वाटावं तिथे तो वळून खालच्या सुरावर अलगद उतरायचा. कामगार जिथे होते तिथे उभे राहिले. जोतिरामच्या हातात तुटलेलं सूत तसंच होतं. उन्हाच्या पट्ट्यात ती पांढरी धूळ तेवढी हलत होती.

निंगप्पा उठले. त्यांच्या हातातली बशी कलंडली ते त्यांना कळलं नाही. "अक्कम्मा अशी म्हणायची," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, कुणाशीच नव्हे.

ते शेडमध्ये गेले. शरणूने वर पाहिलं. वाजवणं न थांबवता तो हलकेच म्हणाला, "बर्री अप्पा, कूडरी." या, बसा. त्यांनी सुताच्या पोत्यावर त्याच्याशेजारी बसकण मारली. शांतता होती म्हणजे त्याच्या कानात आता शिट्टी किंचाळत असणार, हे मला ठाऊक होतं. तो घामाने भिजला होता, जबडा आवळलेला होता, तरी वाजवत होता. एकदाच बोलला, "लक्ष देऊन ऐका अप्पा, लाईट आली की ऐकू येणार नाही."

निंगप्पांनी त्याच्या पाठीला हात लावला आणि तो तिथेच ठेवला. लाईट येईपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

इथे सगळं गोड झालं असं सांगता आलं असतं तर बरं होतं. पण हिवाळ्यात, संक्रांतीच्या जत्रेनंतर, शरणू पुन्हा प्यायला लागला. कारण काही घडलं नव्हतं. तो म्हणाला, कारखाना सुट्टीला बंद असतो त्या दिवशी काय करू, दाजी? मी एकदा सुट्टीच्या दिवशीही त्याच्यासाठी चार माग चालवले. पण माणूस किती दिवस दुसऱ्यासाठी रिकामे माग चालवील! तो दोन-दोन दिवस गायब व्हायचा. एकदा दुधनीच्या स्टेशनवर सापडला, मालगाडीच्या रुळांजवळ झोपलेला. निंगप्पांनीच त्याला उचलून घरी नेलं, न्हाऊ घातलं, ताट वाढलं. भांडले नाहीत. पण यकृत आधीच गेलेलं होतं.

दवाखान्यातली खोली लई शांत होती. तो डोकं उशीत दाबायचा. मी मोबाइलवर आमच्या शेडचा आवाज भरून आणला आणि त्याच्या कानापाशी ठेवला. तेव्हा तो निवांत झाला. मधूनच म्हणाला, "तिसरा माग घाई करतोय. जोतिरामला सांगा." सकाळी नर्स चहा घेऊन आली तेव्हा तो गेलेला होता. श्रीदेवी त्याच्या छातीवर तळहात टेकवून बसली होती. दुधनीला मामांच्या शेतात, बांधाच्या कडेला, विभूती लावून, बेल वाहून, लिंगायत रीतीप्रमाणे त्याला बसवून मातीत ठेवलं. अजून त्याची चाळिशीही झाली नव्हती.

काही महिन्यांनी महिपती त्या रेकॉर्डिंगच्या दोन वेगवेगळ्या प्रती घेऊन घरी आला. एकीत गिटार आणि माग दोन्ही होते. दुसऱ्या प्रतीत पुण्याच्या स्टुडिओत मशीन लावून मागांचा आवाज काढून टाकलेला, नुसती गिटार.

आधी मागांची लावली. श्रीदेवी अर्ध्यात उठली. "बंद करा. आयुष्यभर हा खडखडाट ऐकलाय मी. त्याला तरी त्यातून सोडा," ती म्हणाली.

"अक्का, तो मागांबरोबरच वाजवत व्हता," महिपती म्हणाला. "ते काढलं की तो मध्येच का थांबतो, कुणाची वाट बघतो, काय बी कळत न्हाय."

"मला कळतं. तू लाव ती."

त्याने दुसरी लावली. सूर सुटे सुटे, मध्ये रिकाम्या जागा. त्या रिकाम्या जागांत शरणू श्वास घेत होता, एकदा खोकला, एकदा अगदी हळू 'हं' म्हणाला. श्रीदेवी भिंतीला टेकून ऐकत बसली. संपल्यावर म्हणाली, "लोकांना तू ती दे. ही मला ठेव."

तसंच झालं. मागांसकट ती गाणी बाहेर पडली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. कुठून कुठून मुलंमुली आमचा कारखाना बघायला येऊ लागली. शेडच्या भिंतीला हात लावून फोटो काढायची. मी त्याच वर्षी जुने माग भंगारात काढून नवे घेणार होतो. एका बेंगळुरूच्या मुलीने हात जोडले, "अंकल, ते विकू नका." मी तिला चहा दिला आणि सांगितलं, बाई, ह्यांच्यावर आता टॉवेल परवडत नाही. माग गेले. वाईट मलाही वाटलं, पण कारखाना चालवायचा असतो.

महिपतीने बँड पुन्हा उभा केला. शरणूच्या जागी कुणाला घेतलं नाही. पहिल्या पुण्यतिथीला सोलापुरात कार्यक्रम केला, आणि त्यातून जे आलं त्यात एमआयडीसीतल्या कामगारांसाठी कानांच्या तपासणीचं शिबिर ठेवलं. आम्ही मालक लोक त्याआधी असल्या गोष्टीकडे बघतही नव्हतो. जोतिराम म्हणाला, "मालक, मला काय होतंय? मला समदं ऐकू येतंय." तपासल्यावर निघालं की त्याचा डावा कान जवळजवळ गेलेला. त्याच्यासारखे किती निघाले! डॉक्टरांनी सगळ्यांना कानांत घालायचे बोळे दिले. पहिले काही दिवस पोरांनी खिल्ली उडवली, मग घालू लागली. आता आमच्या शेडमध्ये बोळे घातल्याशिवाय कुणी मागापाशी उभं राहत नाही, मी उभं राहू देत नाही.

तपासणीत माझेही कान अर्धे निघाले. ऐकायचं यंत्र बसवायला मी लई टाळाटाळ केली, शेवटी श्रीदेवीच घेऊन गेली. बसवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा कारखान्याच्या फाटकात उभा होतो. पाळी बदलायची वेळ होती. अक्कलकोट रोडवरून कामगारांच्या सायकली येत होत्या, आणि त्यांच्या साखळ्यांचा बारीक सरसर आवाज, घंट्या, कुणाच्या तरी डब्यातला चमचा, मागे बसलेल्या बाईचं तेलुगूतलं हसणं, सगळं वेगवेगळं, एकेक करून माझ्यापर्यंत पोचत होतं. मी फाटक उघडायचं विसरून तिथेच उभा राहिलो. जोतिरामने सायकलवरून उतरून विचारलं, "काय झालं, मालक?" मी म्हणालो, काही नाही, आणि फाटक उघडलं.